पिवळं दर्शन

"पिवळं म्हणजे कसं पिवळं, आप्पा?"

आप्पांनी डोळे उघडले नाहीत.

"हळदीसारखं? की उन्हात पडून राहिलेल्या कागदासारखं?"

"आज इचारतोस व्हय?"

बसवंत आप्पांच्या पायाशी टेकला.

प्रश्न साधा होता. कुठलाही डॉक्टर कुठल्याही रोग्याला विचारेल असा. पण बोरगिरीच्या मठात आप्पांना, म्हणजे मठाच्या स्वामींना, प्रश्न विचारायचे नसतात. तिथं आप्पा सांगतात आणि बाकीचे माना डोलावतात. बसवंतही कॉलेजात होता तेव्हापासून डोलावत आला होता.

तसा हा बसवंत कुणी साधासुधा गडी नव्हे. डॉक्टर बसवंत उटगे. तालुक्याला स्वतःचा दवाखाना, आयुर्वेदाची पदवी, वर द्रव्यगुणात एम.डी. झाडपाल्याची औषधं आणि इंग्रजी गोळ्या एकाच पोटात गेल्या तर एकमेकांशी कशी वागतात, हा त्याचा खास विषय. त्यावर सोलापूरच्या परिषदेत त्यानं तासभर व्याख्यान झोडलं होतं आणि शाल-श्रीफळ घेऊन परतला होता. पेशंटनं तोंड उघडायच्या आत मी रोग ओळखतो, असं तो चारचौघांत म्हणायचा. त्यात फारसं खोटंही नव्हतं.

फक्त आप्पांच्या बाबतीत त्याला रोग, औषध वगैरे काही सुचायचं नाही. आप्पांना शरीर असतं, हेच मुळी त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

गेल्या रविवारची गोष्ट. प्रवचन रंगात आलं होतं. आप्पा बोलता बोलता थांबले. समोरच्या समईकडे बघत राहिले... बराच वेळ.

मग म्हणाले, "सगळं पिवळं दिसायलंय रे. दिव्याभोवती कडं पडलंय."

एवढंच म्हणाले.

आता मठ खंडोबाचा, गडावरचा. पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत जिथं हात लावाल तिथं भंडारा. अशा ठिकाणी साक्षात आप्पांना सगळं पिवळं दिसलं म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवं? पहिल्या रांगेतून आरोळी उठली, "येळकोट येळकोट, जय मल्हार!"

आरोळी बसवंतची होती.

मग काय विचारता. त्या दिवशी इतका भंडारा उधळला गेला की खरोखरच सगळं पिवळं झालं. आप्पांना खोकल्याची उबळ आली, तर बायाबापड्यांनी त्या उबळीलाही हात जोडले. आप्पांना देव दिसला, ही बातमी दुसऱ्या दिवसापर्यंत गावोगाव पोचली. ट्रॅक्टर भरभरून माणसं यायला लागली. प्रत्येकाला ते दर्शन आप्पांच्या तोंडून ऐकायचं होतं आणि आप्पांचा तर घसा बसलेला.

घशासाठी बसवंत महिन्याभरापासून ज्येष्ठमधाचा काढा देतच होता. त्यानं मात्रा वाढवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, पेला भरून. स्वतःच्या हातानं उकळायचा, स्वतःच्या हातानं गाळायचा आणि डोक्याला लावून मग आप्पांपुढं धरायचा. आप्पा तो गोड काढा शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे. बसवंतला त्या दिवसांत धन्य धन्य वाटत होतं.

आज दुपारीही तो पेला घेऊन आला, तर दारातच कलावतीमावशींनी अडवलं. आप्पांचं खाणंपिणं, उठबस सगळं याच मावशी बघायच्या.

"आत्ता काय बी देऊ नगा," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं पोटात कायच ठरंना. दूध उलटून पडलं. भाकरीचा वास आला तरी मळमळतंय म्हणत्यात."

बसवंत उंबऱ्यावरच उभा राहिला.

मळमळ. अन्न नकोसं होणं. पिवळं दिसणं. दिव्याभोवती कडं.

हे त्यानं कुठंतरी एका ओळीत वाचलं होतं. वाचलं काय, परीक्षेत लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण ती ओळ एका गोळीबद्दल होती. आप्पा तर गोळ्या घेत नाहीत. आप्पांना औषधाची गरज लागत नाही, हे पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही सांगेल. घशाचा काढा तेवढा शिष्याची सेवा म्हणून घेतात, इतकंच.

तरी पण त्यानं पेला कोनाड्यात ठेवला, आत गेला आणि विचारलं, पिवळं म्हणजे कसं पिवळं.

"रागावलात, आप्पा?"

"न्हाई."

"मग सांगा ना."

"सांगितलं की आइतवारी."

"ते... आम्हाला वाटलं, दर्शन."

"मी आजार सांगत हुतो, बसवंता. तुमी आरती केली."

काही सुचेनासं झालं की बसवंत जे करायचा तेच त्यानं केलं. वाकला आणि आप्पांचे पाय घट्ट धरले. मठात आप्पांना शिवायचं ते पायांनाच. हाताला, खांद्याला कुणी बोट लावत नाही. मावशीसुद्धा दुधाचा पेला पाटावर ठेवतात, आप्पा तो उचलून घेतात. रीतच आहे तशी.

"बोटं उचल," आप्पा म्हणाले.

त्यानं उचलली.

"बघ."

आप्पांच्या पावलांवर त्याच्या बोटांचे खड्डे पडले होते. चांगले खोल, मळलेल्या कणकेत पडावेत तसे.

दोघंही बघत राहिले. खड्डे आता भरून येतील, मग येतील...

येत नव्हते.

"केव्हापासून सूज आहे ही?"

"रोज डोस्कं ठेवतोस की तू. मला काय इचारतोस?"

बसवंत रोज ठेवत होता. डोळे मिटून ठेवत होता. दवाखान्यात एखाद्या म्हातारीची पावलं अशी दिसली असती, तर चप्पल काढायच्या आत त्यानं तिला तपासणीच्या टेबलावर घेतलं असतं.

मग आप्पांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. आणि हात पुढं केला. मनगट वर करून.

"आप्पा, हाताला मी कसा..."

"धर."

त्यानं धरला.

नाडी चालत होती आणि थांबत होती. एक ठोका. दुसरा. मग काहीच नाही... वाट बघून बघून थकावं, तेव्हा कुठं तिसरा. या हातानं आजवर किती नाड्या पाहिल्या असतील, पण स्वतःचाच श्वास रोखून कधी पाहिली नव्हती.

"आप्पा, खरं सांगा. तुम्ही काही घेता का? माझ्या काढ्याशिवाय आणखी काही?"

आप्पांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात कलावतीमावशी पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"मठाच्या मंडळींनी शपथ घातली हुती मला," त्या म्हणाल्या. "कुणाला कळू द्यायचं न्हाई म्हणून. मागं एकदा शेरातल्या डाक्टरला दाखवून आणलं, त्येनं हृदयाची गोळी लिहून दिली, लघवीची बी एक. आता सामी गोळ्या खात्यात म्हटल्यावर लोक काय म्हणतील? म्हणून मी आपली दुधात कुसकरून देती. रोज."

"रोज?"

"एक दीस चुकवली न्हाई बाबा."

त्या लगबगीनं आत गेल्या. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून दोन पाकिटं काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली.

एक लघवी साफ होण्याची गोळी. दुसरीवर नाव होतं, डिगॉक्सिन.

परीक्षेतली ती ओळ याच गोळीची.

बसवंतनं पाकीट पालथं करून पुन्हा वाचलं.

"गोळी वंगाळ हाय का?" मावशींनी घाबरून विचारलं.

"नाही, मावशी. चांगली आहे. तिच्याच जोरावर तर आप्पा हिंडत-फिरत होते."

"मग काढा वंगाळ?"

"काढाही चांगला आहे."

"मग?"

बसवंतनं तोंड उघडलं. अख्खं व्याख्यान पाठ होतं त्याला. त्यात ज्येष्ठमधही होतं आणि ही गोळीही होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्याच जागेवर.

"ही गोळी थकलेल्या हृदयाला नेट देते, मावशी. हृदय धरून ठेवते म्हणा ना. पण तिची पकड फार आवळू नये, म्हणून रक्तात एक क्षार असतो. पोटॅशियम म्हणतात. रोज ज्येष्ठमध घेतलं की तो क्षार लघवीवाटे निघून जातो. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात. ही दुसरी गोळीही तो क्षार घालवते. मग अडवायला कुणी राहत नाही, आणि पकड अशी..."

त्यानं मूठ आवळून दाखवली. ती उघडायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

"मग आजपासनं बंद करू की दोन्ही!"

"करायचंच. पण आत गेलेली आत आहे ना. ती गाळून बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. या वयात तीही थकलेली असतात. आजची बाहेर पडायच्या आत उद्याची येते. मग ती साठत जाते, मावशी. तुम्ही एक दिवस चुकवली नाहीत. मीही नाही."



"मायेनंच देत हुतो की दोघं बी," मावशी पुटपुटल्या.

बसवंतनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, आहेत तसे घेऊन या, वेळ घालवू नका. तो 'वेळ' शब्द ऐकताच बसवंतनं खुर्ची मागवली.

"पयल्यांदा माझ्या बी ध्यानात आलं न्हाई," आप्पा मधेच बोलले. डोळे मिटलेलेच होते. "लोक म्हणाले, देव दिसला. मला वाटलं... असंल बाबा."

खरं तर इथं गोष्ट संपायला हवी होती. जीप गडाखाली उभी होती, रस्ता बरा होता, शहर काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं. पण गडाच्या पायऱ्यांवर भक्त होते. आणि भक्तांपुढं कुणाचं काय चालतं?

आप्पांना खुर्चीत बसवून चौघांनी खुर्ची उचलली. दारातून बाहेर आली मात्र, आणि पायऱ्यांवर एकच गलका उठला. आप्पा निघाले! आप्पा दर्शन द्यायला खाली येत आहेत!

"वाट सोडा!" बसवंत ओरडला. "आप्पा आजारी आहेत. दवाखान्यात न्यायचंय!"

वाट कसली सुटते? प्रत्येकाला पायांवर डोकं ठेवायचं होतं. खुर्ची एक पायरी उतरायची आणि थांबायची. बाया लेकरांना पुढं करत होत्या. कुणी नारळ ठेवत होतं, कुणी मुठी मुठी भंडारा आप्पांच्या मांडीवर ओतत होतं. आप्पांची मान एका बाजूला कलली, तर मागचे लोक म्हणाले, समाधी लागली.

"अहो, ऐका! त्यांना देव दिसला नाही! औषधानं त्यांना पिवळं दिसतंय!"

"डाक्टर," एक पटकेवाले म्हातारे त्याला समजावत म्हणाले, "देवाच्या गोष्टीत आपलं पुस्तक आणू नये. आइतवारी तुमीच येळकोट केलासा. आमी तुमच्याच मागनं केला."



बसवंतनं दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांतानं किंचाळला, "हे दर्शन नाही हो! विष आहे, विष! मी पाजलंय त्यांना! माझ्या हातानं!"

माणसं क्षणभर थांबली. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. केस विस्कटलेले, डोळ्यांतून धारा लागलेल्या, अंगभर हळद.

मग एक म्हातारी पुढं झाली. तिला गहिवरून आलं होतं. आप्पांचा लाडका शिष्य भक्तीनं वेडा झाला, देवानं त्यालाही धरलं, असं काहीतरी ती म्हणाली आणि तिनं बसवंतच्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्यामागं दुसरी वाकली. मग तिसरा. कुणीतरी त्याच्या डोक्यावर भंडारा उधळला.

"येळकोट येळकोट!"

बसवंत पाय ओढून घेत होता, पण ओढायला जागा नव्हती. अडवणाऱ्यांत एकही वैरी असता, तर त्यानं त्याला ढकलून दिलं असतं. पण सगळे हात जोडून उभे होते.

जीपपर्यंत पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.

आप्पा शहरापर्यंत पोचले नाहीत, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणाला आशेला लावण्यात अर्थ नाही.

मागच्या बाकावर त्यांना आडवं केलं होतं. डोकं कलावतीमावशींच्या मांडीवर. रीतभात काही उरली नव्हती. बसवंत खाली बसला होता, जीपच्या पत्र्यावर, आणि दोन्ही हातांत त्यांचं मनगट धरलं होतं. कुणीतरी ठेवलेला नारळ त्यानं फोडला होता. क्षार जातोय, निदान नारळाचं पाणी तरी पोटात जाऊ दे, म्हणून त्यानं ते त्यांच्या ओठांना लावलं. दोन घोट गेले आणि तसेच परत आले. मग त्यानं तोही नाद सोडला.

ठोका... ठोका...

आणि वाट बघणं.

जीप खड्ड्यातून उसळली की बोटांखालची नाडी हरवायची. पुन्हा सापडेपर्यंत बसवंत लहान पोरासारखा आप्पा, आप्पा करत राहायचा. एवढं शिकलेला माणूस, पण त्या वेळी त्याला फक्त तेवढाच शब्द येत होता.

गडावरचा येळकोट मागं ऐकू येत होता. मग तोही येईनासा झाला.

"मी मारलं तुम्हाला, आप्पा."

त्यानं मनगटावर कपाळ टेकवलं.

"मला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्यांना शिकवत होतो मी हे. आणि तुम्हाला एकदा विचारलं नाही, दुसरं काही घेता का म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. तुम्हालाच तेवढं नाही."

मावशी मूकपणे रडत होत्या. त्यांची टिपं आप्पांच्या कपाळावरच्या हळदीत पडत होती आणि त्या ती पदरानं टिपत होत्या.

ठोका...

खूप वेळ काही नाही.

ठोका.

बसवंतला एकाएकी राग आला. स्वतःचा आला, मठाच्या मंडळींचा आला, आणि पहिल्यांदाच, अगदी आयुष्यात पहिल्यांदा, आप्पांचाही आला. तो त्यांच्या तोंडाशी वाकला.

"मी आंधळा होतो, कबूल. पण तुम्ही? तुम्हाला तर ठाऊक होतं रोज दुधातून काय पोटात जातंय. मी पेला पुढं धरत होतो, तुम्ही पीत होता. एकदा, आप्पा, एकदा तरी विचारायचं होतंत... हे काय पाजतोस म्हणून!"



मग आप्पांनी डोळे उघडले. त्यांचे ओठ हलले. आवाज फुटेना, म्हणून बसवंतनं कान त्यांच्या तोंडाला टेकवला.

"कडू असतं तर इचारलं असतं."